आधी हिशोब दाखवा, मग मत विचारा

(घाटकोपर इथे युवा अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'कामाच्या ठिकाणच्या निर्णयांत कर्मचाऱ्यांचा सहभाग'. हे ऐकून काहींना वाटलं असेल, ही एचआरवाल्यांची भाषा आहे, पीपीटी दाखवणार आणि चहाला सोडणार. पीपीटी आणलेली नाही. पण तुमच्यातले बरेच जण आज ज्या रस्त्याने आलात, त्याच लालबहादूर शास्त्री मार्गावर या विषयाची देशातली एक मोठी परीक्षा झाली होती. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कुर्ल्याहून इकडे येताना फिनिक्स मॉलपाशी 'कमानी' नावाचा स्टॉप लागतो. कॉलेजच्या पोरांना विचारलं तर सांगतात, इथे पूर्वी एखादी मोठी कमान असणार. कमान वगैरे काही नव्हती. कमानी हे एका उद्योजक घराण्याचं आडनाव. त्यांच्या समूहातली कमानी ट्यूब्ज ही कंपनी तांब्या-पितळेच्या नळ्या बनवायची. पुढे घरात भाऊबंदकी सुरू झाली, प्रकरणं कोर्टात गेली, कंपनी खचत गेली आणि १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. सहाशेच्या आसपास कामगारांचा पगार थांबला.

त्या काळात मुंबईत कारखाना बंद होणं ही काही मोठी बातमी नव्हती. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते आणि त्यातून शहर अजून सावरलं नव्हतं. बंद गेटसमोर मंडप टाकायचा, घोषणा द्यायच्या, काही वर्षांनी मिळेल ती रक्कम घ्यायची आणि गाव गाठायचं, हा ठरलेला रस्ता होता. कमानीच्या युनियनने दुसरा रस्ता धरला. त्यांनी जाणकारांना सोबत घेतलं आणि एक साधा प्रश्न कागदावर मांडला: हा कारखाना चालू शकतो की नाही? यंत्रं कोणत्या अवस्थेत आहेत, मालाला मागणी किती आहे, बँकांचं देणं किती आहे, किती माणसांत आणि किती पगारात हे जमेल. मग त्यांनी सांगितलं, आम्ही कामगारांची सहकारी संस्था काढतो, कारखाना आमच्याकडे द्या.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आजारी उद्योगांसाठी तेव्हा नव्यानेच नेमलेल्या बीआयएफआर या मंडळाने योजना तपासली. सप्टेंबर १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली आणि १९८९ मध्ये यंत्रं पुन्हा फिरू लागली. कामगारांनी पगारात कपात घेतली, आपल्या हक्काच्या पैशांतून संस्थेत भांडवल घातलं. काल ज्यांना गेटच्या आत घेत नव्हते, ते आज कंपनीचे मालक होते. आपल्या कुर्ल्यात.

हा निकाल हवेतून आला नव्हता. त्याआधी डिसेंबर १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे वेगळाच प्रश्न आला होता. कंपनी गुंडाळायची की नाही याची सुनावणी चालू असताना कामगारांना आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे का? भागधारकाला आहे, सावकाराला आहे. आयुष्याची वीस वर्षं त्या कंपनीत घालवलेल्या माणसाला आहे की नाही? पाच न्यायाधीशांपैकी तिघे 'आहे' म्हणाले, दोघे 'नाही' म्हणाले. नुसतं बोलू देण्याच्या हक्कावरही एकमत झालं नाही, हे लक्षात ठेवा.

आता कमानीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे अशा गोष्टी अर्ध्यावर थांबवून टाळ्या घ्यायची सवय आहे. सुरुवातीची काही वर्षं चांगली गेली, नफाही झाला. मग खेळतं भांडवल कमी पडू लागलं. १९९१ नंतर बाजार बदलला. आतले मतभेद वाढले आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तो प्रयोग बसला.

काही लोक यावरून म्हणतात, बघा, कामगारांना कारखाना चालवता येत नाही. मला हे पटत नाही. मुळात तो कारखाना खड्ड्यात घातला तेव्हा तो कामगार चालवत नव्हते. पण दुसऱ्या बाजूचे लोक सगळा दोष बँका आणि सरकारवर टाकतात, तेही मला पुरेसं वाटत नाही. माझं मत असं की मालकी आणि सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेअर नावावर झाला म्हणून ताळेबंद वाचता येत नाही. रोजचा कारभार व्यावसायिक व्यवस्थापकांकडे होता. ज्याने आयुष्यभर नळ्या ओढल्या, त्याला महिन्याच्या बैठकीत वीस पानी कागद दिला आणि 'मंजूर का?' विचारलं, तर तो काय करणार? एक तर हात वर करणार, नाहीतर संशय घेणार. तांब्याचा भाव वाढला म्हणून या महिन्यात पगार उशिरा होईल, हे जर त्याला भाव वाढतानाच कळलं तर तो मालकासारखा विचार करेल. पगाराच्या दिवशी कळलं तर तो कामगारासारखा भांडेल, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पैसे दिले छगनलाल पारेख यांनी. त्यांनी बायकांना सांगितलं, कुणाकडून देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी चालेल, पण हिशोब चोख लिहायचा. आज हजारो बायका त्या संस्थेच्या सभासद आहेत. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नसते, ती भागीदार असते, आणि कारभार पाहणारं एकवीस जणींचं मंडळ त्यांच्यातूनच येतं. आपल्या उपनगरांतल्या चाळींत सकाळी पीठ घेऊन येणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड परत करणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्यात सगळ्या जातीधर्मांच्या आहेत.

लिज्जत आणि कमानी यांची सरळ तुलना करता येणार नाही. पापडाला भट्टी लागत नाही, तांबं आयात करावं लागत नाही, बँकेच्या दारात महिनोन् महिने बसावं लागत नाही. पण सात बायका असतानापासून हिशोबाची वही सगळ्यांसमोर होती. कमानीत माणसं मालक आधी झाली, वही नंतर आली. मला हा फरक मोठा वाटतो.

आता आपल्या ऑफिसांकडे येतो. इथे अंधेरीच्या सीप्झमध्ये, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये, पवईत कामाला जाणारे किती आहात? बरेच आहात. सॉफ्टवेअरमध्ये एक गंमत आहे. आमच्याकडे सहभागाचा अगदी उत्सव असतो. रोज सकाळी स्टँडअप. दर दोन आठवड्यांनी रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे काय चांगलं झालं, काय वाईट झालं, रंगीत चिठ्ठ्यांवर लिहा. कोड रिव्ह्यूमध्ये कालच लागलेली मुलगी पंधरा वर्षं काम केलेल्याचा बदल अडवू शकते, आणि ही खरोखर चांगली गोष्ट आहे. कापड गिरणीत असं कुणी स्वप्नातही पाहिलं नसतं. पण बटणाचा रंग आम्ही ठरवतो, रात्रीची ऑन-कॉल पाळी कुणाची ते आम्ही ठरवत नाही. कामाचा अंदाज आम्ही देतो, तारीख आधीच क्लायंटला दिलेली असते. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं. त्याची चिठ्ठी कोणत्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये लावणार?

आमच्या क्षेत्रात लोक म्हणतात, आपल्याला युनियन-बिनियन नको, आपण काय कारखान्यातले आहोत? हे फक्त भारतात म्हणतात असं नाही. जर्मनीत कायदा आहे की दोन हजारांवर कर्मचारी असतील तर कंपनीच्या देखरेख मंडळातल्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींच्या. १९७६ पासून आहे. पाच कर्मचारी असले तरी ते आपली कामगार परिषद निवडू शकतात. तरीही सॅप या त्यांच्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत २००६ पर्यंत अशी परिषद नव्हती. मालकाने अडवली म्हणून नाही. मत घेतलं तेव्हा बहुसंख्य कर्मचाऱ्यांनीच 'नको' म्हटलं होतं. थोड्या लोकांनी कायद्याचा आधार घेऊन आग्रह धरला आणि परिषद आली. त्याने सॅप काही बुडाली नाही.

मी पूर्वी ज्या कंपनीत होतो, नाव घेत नाही, तिथे एके दिवशी मेल आला. ऑफिस अंधेरीहून ऐरोलीला हलणार, तीन महिन्यांनी. मेलच्या शेवटी लिहिलेलं, 'आपल्या सूचनांचं स्वागत आहे'. निर्णय झालाय, भाडेकरार झालाय, आता सूचनांचं स्वागत. आमच्या मजल्यावर मीरा रोड, नालासोपारा, विरारचे लोक जास्त होते. दोन दिवस कँटीनमध्ये फक्त कुरकुर. मग आमच्यातल्या एका टेस्टरने एक शीट बनवली. नाव नाही, फक्त स्टेशन, आत्ताचा प्रवास किती मिनिटं, नवा किती मिनिटं, घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का. नव्वदच्या वर लोकांनी भरली. मीरा रोडवाल्यांचे रोजचे दीड-दोन तास वाढत होते. ती शीट आम्ही अकरा जणांनी एकत्र नेऊन दिली. ऑफिस हललंच. पण सकाळची वेळ लवचीक झाली, आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं, आणि ठाण्याहून बस सुरू झाली. ज्या बायका राजीनाम्याच्या तयारीत होत्या त्यातल्या बऱ्याच थांबल्या. व्यवस्थापनाला ते आकडे माहीतच नव्हते. त्यांनी फक्त चौरस फुटाचं भाडं पाहिलं होतं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती खास आपली आहे. आपल्यातली बरीच मुलं ऑफिसात एक धोरण पाळतात: दिसायचं नाही. आधीच नाव वेगळं, मग आणखी लक्ष कशाला वेधून घ्या? काम चोख करा, डबा खा, घरी या. घरातूनही तेच सांगतात. अम्मी म्हणते, 'बेटा, तू कशात पडू नको.' ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भाड्याने घर शोधताना काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. पण या धोरणाची किंमत मोजा. त्याच कंपनीत आमच्या टीमची साप्ताहिक बैठक शुक्रवारी दुपारी दीडला होती. एक नवा मुलगा दर जुम्म्याला काहीतरी कारण सांगून निघायचा. डॉक्टर, बँक, आधार कार्ड. सहा महिन्यांत त्याचं नाव 'बेजबाबदार' पडलं. शेवटी टीममधल्या एका मुलीने, बोरिवलीच्या गुजराती मुलीने, बैठकीतच विचारलं, ही वेळ सगळ्यांना सोयीची आहे का? तेव्हा कळलं की तिला त्या वेळी शाळेतून मूल आणायचं असतं आणि आणखी दोघांना ती वेळ नकोच होती. बैठक साडेतीनला गेली. पाच मिनिटांचं काम. तो धर्माचा प्रश्न म्हणून मांडला असता तर कदाचित ताणला गेला असता. तो वेळापत्रकाचा प्रश्न होता आणि वेळापत्रक सगळ्यांचं असतं. गप्प राहून त्या मुलाने स्वतःला वाचवलं नाही, फक्त आपल्याबद्दलचं मत दुसऱ्यांना ठरवू दिलं.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. संविधानात अनुच्छेद ४३ अ आहे: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा यासाठी राज्याने पावलं उचलावीत. तो आला १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत, जेव्हा कितीतरी कामगार नेते तुरुंगात होते. विनोद म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा. १९९० मध्ये या सहभागासाठी संसदेत विधेयक आलं, त्याचा कायदा कधी झाला नाही. पण छोट्या जागा आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून शंभर किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी कार्यसमितीची तरतूद आहे. सरकार आदेश देऊन मालकाला ती नेमायला लावू शकतं, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवीच, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, आणि बायकांचं प्रतिनिधित्व त्यांच्या संख्येच्या प्रमाणापेक्षा कमी नको. आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे: अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरची व्यक्ती.

'आम्ही तर इंजिनिअर, आम्ही कामगार कुठे?' असं कुणी म्हणेल. कायद्याच्या व्याख्येत तांत्रिक कामही येतं. व्यवस्थापकीय काम करणारे आणि ठराविक पगारावरचे सुपरवायझर त्यातून वगळलेत. पदाचं नाव 'असोसिएट मॅनेजर' असलं तरी तुम्ही रोज नेमकं काय करता ते पाहिलं जातं.

या समित्या अनेक ठिकाणी कागदावरच असतात. भिंतीवर नावं असतात, त्यातली एक बाई दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेली असते. तिथे जागा रिकामी आहे. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी आपलं नाव सुचवलंय?

स्विगी, झोमॅटो, उबरवर जे भाऊ आहेत त्यांची अडचण वेगळी आहे. त्यांना विचारायला समोर माणूसच नाही. आपल्या कोकणातले आजे-पणजे जहाजांवर खलाशी म्हणून गेले, त्यांची भरती सारंगाच्या हातात असायची. गिरणीत ती जॉबरच्या हातात. सारंगाला सलाम ठोकता यायचा, शिव्या तरी देता यायच्या. ॲपला काय देणार? ऑर्डर का कमी झाल्या, आयडी का बंद झाला, कळत नाही. नव्या संहितेत ते 'कामगार' धरले जात नाहीत, म्हणून कार्यसमितीही नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला, त्यात असे आपोआप होणारे निर्णय कशावर होतात हे काम करणाऱ्याला सांगण्याची तरतूद आहे. तीच हिशोबाची वही, फक्त आता ती कोडमध्ये आहे. असली वही मी पोटासाठी लिहितो, म्हणून खात्रीने सांगतो, ती माणसाला समजेल अशा भाषेत सांगता येते. 'अल्गोरिदमने केलं' हे उत्तर नाही.

आणि शेवटी थोडं घरचं. आपण ऑफिसात आवाज मागतो, पण तो वापरायची सवय कुठे लागणार? आपल्याकडे मश्वरा हा शब्द आहे, शूरा नावाचा कुरआनचा अख्खा अध्याय आहे. कोकणातल्या बहुतेक गावांच्या जमातीची मुंबईत कमिटी असते, वर्षातून एकदा बैठक होते, हिशोब वाचला जातो. छान पद्धत आहे. पण विशीतल्या मुलाने उठून विचारलं की 'इतर खर्च' म्हणजे काय, तर चाचा म्हणतात, 'बस खाली, लई शिकलास.' आणि बायका तर त्या खोलीतच नसतात. घरातल्या मुलीच्या नोकरीचा, लग्नाचा निर्णय तिला मेलसारखा कळवला जातो, शेवटी 'सूचनांचं स्वागत आहे' एवढंही नसतं.

म्हणून एक काम देतो. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना तीन गोष्टींची माहिती आणा. तुमच्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती आणि तक्रार समिती आहे का, आणि त्यातली माणसं खरोखर तिथे कामाला आहेत का. गेल्या वर्षभरात तुमच्या कामावर परिणाम करणारा एक निर्णय, आणि तो झाल्यावर किती दिवसांनी तुम्हाला कळला. आणि तुमच्या गावच्या किंवा मोहल्ल्याच्या कमिटीचा गेल्या वर्षीचा हिशोब. मिळाला तर त्याची प्रत, नाही मिळाला तर कोण काय म्हणालं ते. कंपनीचे गोपनीय कागद आणू नका, नोकरी घालवू नका.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी कधीपासून हात वर केलाय, आधी त्या बोलतील.